टाक्यातल्या बोटऱ्या

आमच्या घरात एक उन्हाळा असा गेला की पाणी प्यायचं तर आधी मडक्यात वाकून बघावं लागायचं. न बघता गडवा बुडवला की हाताला काहीतरी गुळगुळीत वळवळायचं आणि पिणाऱ्याची किंकाळी पार शेजारच्या मोहल्ल्यात जायची. रांजणात बोटऱ्या, माठात बोटऱ्या, आईच्या लग्नात आलेल्या पितळेच्या गुंडात बोटऱ्या. दुपारी सगळे आडवे झाले, घर शांत झालं की कोपऱ्याकोपऱ्यातून आवाज यायचा, गुळुक्. मग थोडा वेळ काही नाही. मग दुसऱ्या कोपऱ्यातून, गुळुक्. आई पडल्यापडल्या म्हणायची, "घर हाय का तलाव हाय, कोनी सांगल का मले?" आणि आत्याबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घ्यायच्या.

बोटरी म्हणजे मरळीच्या खानदानातली गरीब पुतणी. मरळ हातभर वाढते, बाजारात भाव खाते. बोटरी वीतभर झाली तरी खूप. काही गावांत तिलाच डोक म्हणतात. रंग चिखलाचा, डोकं सापासारखं चपटं, आणि बघणाऱ्याकडे उलट बघण्याची एक मग्रूर सवय. पण तिला उन्हात धरून पर उघडून बघितला तर कडेला निळसर झाक आणि तिच्यावर बारीक केशरी किनार दिसते, जरीकाठासारखी. एरवी ती हे सौंदर्य कुणाला दाखवत नाही. मासा असून ती हवा घेते. पाण्यातून वर येऊन तोंडाने हवेचा घोट गिळते आणि परत खाली जाते. तोच तो गुळुक् आवाज. वर येऊ दिलं नाही, जाळ्यात पाण्याखाली अडकून राहिली, तर ती बुडून मरते. "मासा बुडून मरते बरं," असं आत्याबाईंनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसून हसून लोळले होते. त्या मात्र गंभीर होत्या. त्यांनी मेलेली पाहिली होती.

आत्याबाई म्हणजे बाबांची मोठी बहीण, भागरथाबाई. लग्नानंतर दोन पावसाळ्यांत कुंकू पुसून माहेरी आल्या आणि मग इथल्याच झाल्या. आमचं गाव नागभीड आणि ब्रह्मपुरीच्या मधलं, धानाचं आणि तलावांचं. आमच्या ढिवरांच्या मोहल्ल्यात पुरुष जाळं टाकत आणि बायका टोपल्या घेऊन मासोळी विकत. आत्याबाईंचं काम याहून वेगळं होतं. वैशाखात तलाव आटत आटत मधल्या खड्ड्यापुरता उरला की त्या लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून भेगाळलेल्या गाळात उतरायच्या. वरून कोरडा दिसणारा गाळ, पण त्यात कुठेतरी बोटभर रुंद भोक असायचं. तिथे बसायचं, हात कोपरापर्यंत आत घालायचा आणि डोळे मिटायचे. बोटरी आत ओलसर चिखलात अंगाला चिकट लेप लावून पाऊस येईपर्यंत पडून असते. आत्याबाई तिला न दुखवता बाहेर काढायच्या, चिखलाचा गोळा पुसायच्या आणि म्हणायच्या, "ऊठ माय, झोप झाली."

ह्या बोटऱ्या विकायच्या नसत. त्या आजाऱ्यांच्या आणि बाळंतिणींच्या. राखेने घासून चिकटपणा काढायचा, लसूण आणि काळे मिरे वाटून घालायचे, हळद, चिमूटभर तांदळाचं पीठ, आणि रस्सा इतका पातळ की वाटीचा तळ दिसावा. तिखट नावाला नाही. मोहल्ल्यात कुणी बाळंत झालं की तिसऱ्या दिवशी आत्याबाई तो रस्सा घेऊन दारात उभ्या. माझ्या जन्मानंतर आई पांढरीफटक पडली होती, तिला उठवेना की बसवेना, तेव्हा महिनाभर आत्याबाईंनी तिला ह्याच रश्श्यावर धरून ठेवलं. म्हणजे मीही त्यावरच वाढले. आजसुद्धा लसूण-मिऱ्याचा वास आला की मला आधी आत्याबाई आठवतात आणि मग भूक लागते.

बाबा गावच्या मच्छिमार सोसायटीचे अध्यक्ष होते. अध्यक्ष म्हटलं की लोकांना खुर्ची दिसते. आमच्या घरी खुर्ची नव्हती. पण बाबांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. दर वर्षी धान निघाला की मोहल्ल्यातली अर्धी घरं कुलूप लावून आंध्रात मिरची तोडायला जायची, आणि परत यायची तेव्हा लेकरं खोकत असायची, बायांच्या बोटांची सालं निघालेली असायची. तलाव आपला, तर त्यात रोहू-कतल्याच्या पिल्लांचं बीज टाकू, मासा मोठा करू, कुणाला मिरचीला जावं लागणार नाही, असा बाबांचा हिशेब. त्यात खोट काहीच नव्हती. फक्त एक अडचण होती. तलावात बीज सोडलं की बोटरी, मरळ ही मंडळी ते गिळून टाकतात. म्हणून बीज टाकायच्या आधी उरलेल्या पाण्यात ढेप कालवायची, हा उपाय ठरला. मोहाच्या बियांना आम्ही टोळ म्हणतो. टोळीचं तेल काढल्यावर जो चोथा उरतो, ती ढेप. पाण्यात पडली की तिचा फेस होतो आणि त्या पाण्यातला मासा मरतो.

हे पारावर बैठकीत ठरत होतं तेव्हा आत्याबाई बायांच्या घोळक्यातून उठून उभ्या राहिल्या. बाईमाणसाने बैठकीत बोलायची तेव्हा पद्धत नव्हती.

"शामू, कचरा मासे म्हनून राह्यला तू बोटरीले? तुह्या बायकोले कोनं उठवलं होतं, कतल्यानं?"

लोक हसले. बाबांचा चेहरा लाल झाला. त्यांचं नाव शामराव. चारचौघांत शामू म्हणणारं गावात एकच माणूस होतं.

"बाई, तू घरातलं पाय. तलावातलं आमाले पाहू दे."

"तुही सून भादव्यात बाळंत होऊन राह्यली. तिले काय घालू मी, ढेप?"

"बस खाली," बाबा म्हणाले, आणि ते सगळ्यांसमोर म्हणाले.

आत्याबाई खाली बसल्या नाहीत, सरळ घरी आल्या. त्या दिवसापासून बहीणभावाचं बोलणं बंद. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशी दोघंही. एकाच चुलीचं जेवायची, एकाच ओसरीवर बसायची आणि मधे मी. "बेबी, तुह्या बापाले सांग, भात वाढला." "बेबी, तुह्या आत्याले सांग, भूक नाई." दोघांमध्ये चार हातांचं अंतर, आणि मी निरोप्या. कधीकधी मी मुद्दाम निरोप बदलून सांगायची. "बाबा म्हनतेत भात मस्त झाला," असं. आत्याबाई माझ्याकडे बघून म्हणायच्या, "तो असं म्हननार नाई. पन ठीक हाय."

ढेप पडायच्या आधी काही दिवस आत्याबाई रोज भल्या पहाटे टोपली घेऊन बाहेर पडू लागल्या. सरपणाला जाते म्हणायच्या आणि परत यायच्या तेव्हा वर चार काटक्या असायच्या आणि खाली ओल्या गोणपाटात बोटऱ्या. मला त्यांनी सामील करून घेतलं कारण त्यांना घागरी उचलायला कुणीतरी हवं होतं. मग ढेपेचा दिवस आला. मी तलावावर गेले नाही. बाबा गेले, दुपारी आले, हात पाय दोनदा धुतले आणि न जेवता ओसरीवर पडून राहिले. नंतर बरेच दिवस त्यांनी ताटातला मासा बाजूला सारला. आईला वाटलं, पोट बिघडलं. आईने ओव्याचं पाणी दिलं.

आता ह्या बोटऱ्या मडक्यांत ठेवायच्या म्हणजे काय असतं हे ज्याने ठेवल्या त्यालाच कळेल. बोटरी उडी मारते. झाकण सरकवते. जमिनीवर पडली की अंग वेडंवाकडं टाकत चालते, आणि चालत कुठे जाईल ह्याचा नेम नाही. एक सापडली उखळाच्या मागे, सर्वांगाला कोंडा माखलेली, जणू कुणी तळायला तयार करून ठेवली होती. पाण्यात टाकली तर लगेच गुळुक्. एक धानाच्या ढोलीखाली सापडली. एक मांजराने पकडली, पण मांजरच ओरडत पळालं. एक दिवस आईने भातासाठी आधण ठेवायला गुंड उचलला आणि त्यातून बोटरीने तिच्याकडे बघितलं. आईने गुंड तिथेच ठेवला, पदर खोचला आणि आत्याबाईंच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"बाई, ह्या घरात एक तं मी राहीन, नाई तं तुमच्या बोटऱ्या राहातीन."

आत्याबाईंनी खरंच थोडा वेळ विचार केला. मला तो विचार करतानाचा चेहरा अजून आठवतो. मग म्हणाल्या, "ढोरायचं टाकं रिकामं हाय."

घरामागच्या वाडीत सिमेंटचं एक टाकं होतं, म्हशीला पाणी पाजायचं. त्या वर्षी म्हैस भाकड म्हणून मामाच्या घरी पाठवलेली. आम्ही त्यात चिखल टाकला, शेजारगावच्या तलावातून शेवाळ आणि कमळाची पानं आणून सोडली आणि वरून जाळं बांधलं. जाळं बाबांचंच, जुनं. त्यांनी ते शोधलं नाही, ह्याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं.

माझा नातू नागपूरला कॉम्प्युटरचं काम करतो. मागे आला होता तेव्हा त्याने मोबाईलवर मला दाखवलं, मोठ्या शहरांतले लोक काचेच्या पेट्यांत हाच मासा शोभेला पाळतात. वर दिवा, आत सुबक दगड, आणि मध्ये आमची बोटरी, पर फुलवून. नातू म्हणाला, "आजी, बघ किती रेअर आहे!" मी म्हटलं, हिच्यामुळे तुझ्या पणजीने घर सोडायची धमकी दिली होती. त्याला ते पटलं नाही.

बोटऱ्या टाक्यात गेल्यावर आत्याबाईंची दुपार तिथेच जाऊ लागली. पाऊस लागला होता, धानाचे परहे, म्हणजे रोपं, उगवले होते, रोवण्याला, म्हणजे लावणीला, वेळ होता. त्या दगडावर बसून गांडुळं टाकायच्या आणि प्रत्येकीला ओळखायच्या. ही भांडखोर, ही खादाड, ही लाजरी. एक होती पोट सुटलेली, आणि एक तिच्या मागे मागे राहणारी, बारीक, रुंद जबड्याची, पराची किनार जरा जास्तच चमकणारी. एका ढगाळ सकाळी ह्या बारकीने त्या पोटवालीला अंगाचा वेढा घातला. दोघी तशाच कितीतरी वेळ पाण्यात कलंडून राहिल्या. मग पाण्यावर पिवळे मणी तरंगायला लागले, मोहरीपेक्षा थोडे मोठे. अंडी होती ती. आम्ही श्वास रोखून बघतोय तोच बारकी आली आणि एकेक करून सगळी अंडी तोंडात घेतली.

"खाल्ली रांडेनं!" आत्याबाईंनी कपाळावर हात मारला.

पण तिने ती गिळली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिचे गाल फुगलेले, हनुवटी लोंबलेली. समोर गांडूळ टाकलं तर तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशीही तेच. बाकीच्या तुटून पडायच्या आणि ही कोपऱ्यात कमळाच्या पानाखाली गप्प. हवा घ्यायला वर यायची तीसुद्धा जपून, तोंड जेमतेम उघडून. बोटरी पिल्लं तोंडात धरते हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक होतं. भरल्या तोंडाची सापडली तर सोडून द्यायची, असा रिवाजच होता, आणि सोडताना म्हणायचं, "जा माय." कारण ती माय आहे ह्यात कुणाला शंका नव्हती. लेकरासाठी उपाशी दुसरं कोण राहणार? पण आता तर आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. पोट एकीचं रिकामं झालं होतं आणि तोंड दुसरीचं भरलं होतं. आत्याबाई दगडावर बसल्या होत्या, त्या हळूच उठल्या, पाण्यावर वाकल्या.

"बेबी," त्या म्हणाल्या, "अवो, हा तं बुवा होय!"

आणि मग त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. "जिंदगीभर मी याले माय म्हनलं. याले कसं वाटलं असल वो?" त्या दिवसापासून त्यांनी त्याला बापा म्हणायला सुरुवात केली. काही दिवसांनी त्याने तोंड उघडलं आणि जिऱ्याएवढी काळी पिल्लं बाहेर आली. ढगाची सावली पडली तरी धावत परत तोंडात. आणि मादी मधूनमधून रिकामी अंडी सोडते, ती पिल्लं खातात, हे मी फार नंतर एका पुस्तकात वाचलं. तेव्हा वाटलं, आत्याबाईंना हे सांगायला हवं होतं. त्या खूश झाल्या असत्या, कारण पोटवालीला त्यांनी बरेच दिवस आळशी म्हणून बोल लावले होते.

माझी कुसुमवहिनी वैनगंगेकाठची, आरमोरीकडची. दादा माजरीला कोळशाच्या खाणीत होता, पंधरवड्याने यायचा. वहिनी दिवस गेल्यापासून आमच्याकडेच. फार गोड स्वभावाची. तिचे केस कमरेखाली होते आणि तिला ते ढेपेने धुवायची सवय, तिच्या माहेरी सगळ्या बायका ढेपच भिजवून लावत. नदीवरचे लोक तळ्यात ढेप कालवत नाहीत. वाहत्या पाण्यात ती टाकून उपयोग काय? त्यामुळे ढेपेने केस स्वच्छ होतात एवढंच तिला माहीत, तलावात ती कशाला टाकली हे तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे छपरीत सोसायटीची अर्धी गोणी उरलेली होती. एका सकाळी घरातली सगळी रोवण्याला गेली, मी आणि वहिनी घरी, बाबा ओसरीवर जाळं विणत बसलेले. वहिनीने ढेप भिजवली, वाडीतल्या दगडावर बसली आणि न्हाली. विहिरीचं पाणी ओढायला तिला मनाई होती, म्हणून जाळं सारून टाक्यातलं घेतलं. फेसाचा तांब्या पुन्हा पुन्हा टाक्यात बुडवला आणि शेवटी ढेपेचं पातेलंही त्यातच विसळलं.

मी स्वयंपाकघरात होते. वहिनीची हाक ऐकून मागे धावले तर टाक्यावर पांढरा फेस आणि फेसातून वर आलेली तोंडं. बोटऱ्या वर येत होत्या, हवा घेत होत्या, आणि तरी कलंडत होत्या. वहिनी ओल्या केसांनी उभी, तिला काय झालं हेच कळत नव्हतं.

मला बाजूला सारून कुणीतरी पुढे गेलं. बाबा होते. त्यांनी फेस बोटावर घेतला, नाकाशी नेला आणि घराकडे तोंड करून इतक्या मोठ्याने ओरडले की मी त्यांचा तसा आवाज पुन्हा कधी ऐकला नाही.

"बाई!"

आत्याबाई नेमक्या त्याच वेळी भाकरी न्यायला शेतावरून आल्या होत्या. पायांना मांडीपर्यंत चिखल. त्या वाडीच्या दारात उभ्या राहिल्या, टाक्याकडे बघितलं आणि जागीच थिजल्या.

"पाहून का राह्यली? विहिरीचं पानी आन! ताजं! बेबी, गुंड आन, रांजन आन, सारं आन!"

आईच्या ताब्यात परत गेलेली सगळी भांडी पुन्हा बाहेर आली. मी पाणी ओढत होते, आत्याबाई ओतत होत्या. बाबांनी हात टाक्यात घातला आणि एकेक बोटरी अलगद उचलून चांगल्या पाण्यात टाकली. पाणी फेसाळलं की फेकायचं, दुसरं घ्यायचं. काही उलट्या झाल्या त्या उलट्याच राहिल्या. त्यांच्यासाठी बाबा थांबले नाहीत. सगळ्यात शेवटी राहिला तो कमळाच्या पानाखालचा. पिल्लं बाहेर होती की आत, फेसामुळे दिसत नव्हतं. बाबांनी दोन्ही तळवे खाली नेले, पाण्यासकट त्याला ओंजळीत धरलं. त्याचे गाल टम्म होते. संकट आल्यावर त्याने सगळ्यांना आत घेतलं होतं, आणि हवेसाठी तोंड उघडावं लागत होतं, आणि उघडलं की पिल्लं त्या फेसात पडणार होती.

"थांब बापा," बाबा त्याला म्हणाले. "उघडू नको. इतलासा थांब."

त्यांनी ओंजळ पितळेच्या गुंडात सोडली. तो तळाशी जाऊन एका अंगावर पडला. आत्याबाई गुंडाजवळ बसल्या. बाबाही बसले, त्यांचे हात फेसाने पांढरे झालेले. वहिनी दाराआड रडत होती, तिला आत्याबाईंनी तिथूनच सांगितलं, "रडू नको वो, तुले का मालूम." मी दर थोड्या वेळाने पाणी बदलत होते. सावल्या लांब झाल्या तेव्हा तो सरळ झाला, डगमगत वर आला आणि हवा घेतली. गुळुक्. मग, बऱ्याच वेळाने, तोंड उघडलं. काळं जिरं पाण्यात सांडलं. सगळं नसेल, पण बरंच होतं.

"ढेप केवढी लागते मले मालूम हाय बाई," बाबा गुंडाकडे बघत म्हणाले. "म्याच टाकली ना."

आत्याबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. वैशाखापासून पहिल्यांदा.

"शामू, जेवला का?"

"नाई."

"मंग चाल."

मला त्या दिवशी निरोप न्यावा लागला नाही आणि मला करमेना. दोघं चुलीपुढे शेजारी बसून जेवली. मी उगाचच दारात उभी राहून रडले. आई म्हणाली, मिरची लागली असेल. रात्री वहिनीने मला सांगितलं की बाबांना पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. उन्हाळ्यात एकदा त्यांच्या चप्पलेत बोटरी निघाली. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, ती उचलून हळूच रांजणात टाकली, झाकण नीट बसवलं आणि चप्पल घालून बैठकीला गेले. वहिनी आतून बघत होती. सासऱ्याबद्दल काय बोलावं, म्हणून ती गप्प राहिली होती.

उरलेल्या बोटऱ्या आता कुठे ठेवायच्या हा प्रश्न होता. तलावात सोसायटीचं बीज पडायचं होतं. "तलावात नाई," बाबा म्हणाले. "तिथी लोकायच्या पोटाचं हाय. आपल्या बांदीतल्या बोडीत सोडू." बोडी म्हणजे शेतातला लहानसा तलाव, स्वतःच्या धानापुरता.

"बोडीतून चालत जातीन थ्या तलावात," आत्याबाई म्हणाल्या.

"जातीन तं जातीन. म्या नेऊन सोडल्या नाई म्हंजे झालं."

भादव्यात वहिनी बाळंत झाली. मुलगी झाली, पण वहिनीचं खूप रक्त गेलं आणि अंगावर दूध येईना. पोरगी रडून रडून निळी पडायची. तिसऱ्या दिवशी आत्याबाई वहिनीजवळून हलायला तयार नव्हत्या, म्हणून त्यांनी बाबांना बोडीवर पाठवलं. मी सोबत गेले. पाऊस पडून पाणी गढूळ झालेलं. बाबांनी काठाच्या गवतात हात घालून एक बोटरी पकडली, लोट्यात टाकली, वरून दुपट्टा बांधला, आणि आम्ही भराभर घरी आलो. आत्याबाईंनी लसूण सोलून ठेवलेला, मिरे वाटून ठेवलेले. त्यांनी दुपट्टा सोडला, लोटा उजेडाकडे कलता केला.

"शामू," त्या म्हणाल्या, "याचं तोंड भरून हाय."

बाबांनी वाकून बघितलं. आतून पोरीचं रडणं येत होतं. आयुष्यभर मासे धरलेला माणूस आणि हनुवटी बघायची विसरला, इतका तो घाबरलेला होता. लसूण तसाच होता, चूल पेटलेली होती. बाबांनी लोटा परत बांधला.

ती पोरगी पुढे वाढली, तिचं लग्न झालं, मागच्या वर्षी तिच्या सुनेच्या बाळंतपणाला मीच रस्सा करून नेला, तेव्हा काळजीचं कारण नाही. त्या दिवशी दुसऱ्या खेपेला आणलेल्या बोटरीने आपलं काम केलं. पण मला आठवते ती मधली खेप, भरल्या तोंडाच्या त्या बापाला बोडीत परत सोडायला निघालो ती. बोडीवर जायचा रस्ता पारावरून जातो, आणि पारावर त्या सकाळी सोसायटीची सगळी माणसं जमली होती. बीज आदल्याच आठवड्यात तलावात पडलं होतं. बाबा लोटा छातीशी धरून झपझप चालले होते, मी मागे. सदाशिवभाऊ म्हणजे बैठकीत ढेपेचा आग्रह सगळ्यात जास्त धरणारे. त्यांनीच हाक मारली.

"अध्यक्ष, सून बरी हाय ना? अन् लोट्यात का घेऊन चाल्ले?"

पाणी, असं म्हणून पुढे जाता आलं असतं. मला वाटलं, तेच म्हणतील. बाबा थांबले. त्यांनी दुपट्ट्याची गाठ सोडली आणि लोटा सगळ्यांना दिसेल असा पुढे धरला. माणसं वाकली. आतून गुळुक् असा आवाज आला.

"बोटरी होय," बाबा म्हणाले. "बाप हाय. लेकरं तोंडात हाय त्याच्या. घरी पोचवून देतो."

कुणी हसलं नाही. सदाशिवभाऊंनी वाटेत पसरलेले पाय जवळ घेतले, आणि आम्ही पुढे गेलो.